स्वयंपाकघर हातांनी बघतात

घर बघायला आलेली माणसं बाहेरच्या खोलीत पाहुण्यांसारखी वागतात. हात पाठीमागे, मान इकडून तिकडे, "उजेड छान येतो हं" वगैरे. स्वयंपाकघरात शिरली की तीच माणसं नळ सोडतात, ट्रॉली ओढतात, ओट्यावरून बोटं फिरवतात आणि मग ती बोटं हळूच एकमेकांवर चोळून बघतात. मी घर शोधत होते तेव्हा हेच करायचे. सिंकखालचं दार उघडून बघितल्याशिवाय मी कुठल्याच स्वयंपाकघराला चांगलं म्हटलं नाही. त्यामुळे आमचं घर विकायला काढलं तेव्हा फुलदाणी कुठे ठेवायची हा विषय मी पार शेवटावर टाकला. आधी परक्या माणसाचा हात जिथे जिथे जाईल, ते सगळं.

पहिला हात कपाटांच्या मुठींवर जातो. शेगडीच्या वरच्या आणि बाजूच्या दारांवर तेलाची वाफ बसून बसून पिवळट, चिकट थर होतो. घरच्यांना तो दिसत नाही, कारण तो एका दिवसात आलेला नसतो. नवऱ्याचं म्हणणं होतं, सरळ रंगच देऊ. पण चिकटावर दिलेला रंग धरत नाही, थोड्या दिवसांत पापुद्रे सुटतात. रंग द्यायचाच तर आधी तेलकटपणा काढा, मग पॉलिश पेपर मारा, मग प्रायमर. म्हणजे घासणं काही चुकत नाही. मग घासूनच बघितलं. कोमट पाणी, भांड्यांचा साबण, ओलं फडकं दारावर थोडा वेळ चिकटवून ठेवायचं आणि थर मऊ पडला की पुसून घ्यायचं. तारेची घासणी लावली की लॅमिनेटवर कायमचे ओरखडे, तेव्हा तिला हात लावू नका. मुठींच्या मागच्या खाचेत जुना टूथब्रश. खालून जो रंग निघाला तो बघून नवरा गप्प झाला.

दारं तिरकी लोंबत असतील तर सुतार बोलावण्याआधी आतली बिजागरी बघा. हल्लीच्या छुप्या बिजागऱ्यांना दोन-तीन स्क्रू असतात. एक फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, दुसऱ्याने आत-बाहेर. अर्धा फेरा फिरवायचा, दार लावून बघायचं, पुन्हा थोडं. स्क्रूचं भोकच मोठं झालं असेल तर टूथपिकचे तुकडे फेव्हिकॉलमध्ये बुडवून त्यात ठोकायचे, वाळू द्यायचे आणि स्क्रू परत पिळायचा. घट्ट बसतो.

आता सिंकच्या कडेची ती काळी रेघ. माझ्या मते अख्ख्या स्वयंपाकघराचं वय तीच सांगते. सिलिकॉनमध्ये बुरशी आत शिरली की वरून कितीही घासा, काळेपणा जात नाही, आणि जुन्या सिलिकॉनवर नवं धरतही नाही. ब्लेडने जुनं पूर्ण काढायचं. ते रबरासारखं लांबच लांब सुटतं, त्यात एक विचित्र समाधान असतं. मग फट कोरडीठाक होऊ द्यायची, दोन्ही कडांना मास्किंग टेप लावायचा, मधून नव्या सिलिकॉनची धार सोडायची, साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट एकाच ओघात फिरवायचं आणि वर साय धरायच्या आत टेप ओढून काढायचा. नंतर २४ तास पाणी लावायचं नाही. घरात कुणी ना कुणी नळ सोडतंच, म्हणून मी नळालाच फडकं बांधून ठेवलं होतं.

नळावरचे पांढरे क्षार व्हिनेगरने जातात. मात्र ओटा संगमरवरी असेल तर व्हिनेगर तिथे सांडू देऊ नका, दगडाची चमक जाते. आणि ब्लीचमध्ये व्हिनेगर कधीच मिसळायचं नाही, त्यातून विषारी क्लोरीन वायू निघतो.

वासाचं काम घरच्या नाकाचं नाही. नणंदेला बोलावलं. ती दारातच थबकली. "वहिनी, रागावू नका, पण काहीतरी कुबट येतंय." मी कचऱ्याच्या डब्यावर संशय घेतला, निघाली कोपऱ्यातली फरशीची जाळी. सांडपाण्याच्या जाळीखाली थोडं पाणी साचून राहावं अशीच रचना असते. ते पाणीच गटाराचा वास अडवतं. वापर नसला की ते आटतं. एक तांब्या पाणी ओतलं, संपलं. घर रिकामं ठेवून विकणाऱ्यांनी हे आधी करावं. सुगंधी फवारे मात्र नकोत. फवारा आला की माणूस लगेच विचार करतो, काय लपवलंय?

दिवे सगळे एकाच छटेचे लावा. एक पिवळा, एक निळसर पांढरा असला की घासलेल्या फरशाही मळकट दिसतात.

आमचं स्वयंपाकघर लहान आहे, त्याची मला आधी काळजी होती. पण वास्तुविशारद मार्गारेटे श्युटे-लिहोट्स्की यांनी १९२६ साली फ्रँकफर्टच्या घरांसाठी आखलेलं प्रसिद्ध स्वयंपाकघर जेमतेम १.९ बाय ३.४ मीटरचं होतं. म्हणजे अडचण आकाराची नव्हती, माझ्या डब्यांची होती. कपाटं गच्च भरलेली असली की बघणाऱ्याला वाटतं, इथे जागाच नाही. मी निम्मं सामान खोक्यांत बांधून टाकलं. तसंही हलवायचंच होतं. ओट्यावर शेगडी आणि एक किटली, बस. फ्रिजच्या दारावरचे कागद आणि चुंबकं काढली, तर खोली रुंद झाल्यासारखी वाटली.

सिंकखाली जुन्या गळतीने फुगलेली फळी होती. मैत्रिणीने सल्ला दिला, वर चिकटकागद लाव. नाही लावला. गळती दुरुस्त करून घेतली, फळी बदलली आणि प्लंबरचं बिल तिथेच दाराच्या आत अडकवलं. एका बाईंनी वाकून ते वाचलं, पाइपाच्या सांध्यावरून बोट फिरवलं, कोरडं बोट आपल्या नवऱ्याला दाखवलं. त्यानंतर त्यांनी विचारलं, "चिमणी आणि ट्रॉल्या इथेच राहणार ना?" याचं उत्तर आधी ठरवून ठेवा आणि करारात तसं लिहून घ्या. आम्ही चिमणी ठेवली, पाण्याचा फिल्टर घेऊन आलो.