ब्लॉकिंग केलंच पाहिजे का? (तुम्ही विचारलंत म्हणून)

"ताई, ब्लॉकिंग नाही केलं तर चालणार नाही का?" हा प्रश्न मला इतक्या जणींनी विचारलाय (आणि काही जणांनीही, विणणारे पुरुष असतात बरं का) की आता एकदाच बसून सगळं लिहून टाकते. ब्लॉकिंग म्हणजे विणलेली वस्तू भिजवून, हव्या त्या आकारात ताणून, पिना लावून वाळवणं. विचारणाऱ्यांची परिस्थिती बहुतेक वेळा सारखीच असते, लेसची शाल विणून झालेली असते, ती कोणाला तरी भेट द्यायची असते, तारीख जवळ आलेली असते, आणि सुईवरून उतरलेली शाल चुरगळलेली, आखडलेली, फोटोतल्या शालीच्या निम्मीच दिसत असते.

तर उत्तर असं की स्वेटर, टोपी, मोजे असते तर मी म्हटलं असतं धुऊन नीट पसरून वाळवा, पुरे झालं. लेसच्या शालीला ते चालत नाही. भेट द्यायची असेल तर मुळीच नाही. पण खरी अडचण पुढे आहे, ती कोणी विचारत नाही म्हणून मीच सांगते. ब्लॉकिंग हे एकदा करून सुटायचं काम नाहीये, लोकरीची शाल जितक्या वेळा धुतली जाईल तितक्या वेळा ते परत करावं लागतं, आणि जिला तुम्ही शाल दिलीत ती हे करणार नाहीये. का करावं तिने? तिच्याकडे ना पिना, ना मॅट, ना हौस. म्हणून माझं सरळ म्हणणं आहे की लोकरीची लेस भेट देताय ना, मग तिचं पुढचं धुणं आणि ताणणंही स्वतःच्या अंगावर घ्या, नाहीतर ज्याला ब्लॉकिंग परत परत लागत नाही अशा धाग्याची शाल द्या. मधलं काही नाही.

आता हे असं का, ते सांगते. लेस म्हणजे मुळात भोकं. सुईवर लोकरीचा एक जास्तीचा वेढा घ्यायचा, त्याचं भोक होतं, आणि त्यामुळे वाढलेला टाका कुठेतरी दोनाचा एक करून कमी करायचा, एवढंच. तो दोनाचा एक भोकाच्या शेजारी की चार टाके पलीकडे, आणि तो डावीकडे झुकतोय की उजवीकडे, यावरून पानं, हिरे, लाटा सगळं तयार होतं. पण लोकर लवचिक असते, प्रत्येक टाका आपला आखडून बसतो, भोकं मिटतात आणि विणताना चार्टवर जे पान होतं ते शालीवर नुसतं गाठोडं दिसतं. पान तिथे असतं, बरोबर विणलेलंही असतं, फक्त ते उघडलेलं नसतं.

ते उघडतं पाण्याने. लोकर म्हणजे शेवटी केसच की, आपल्या केसांसारखंच केराटिन. ओले केस रोलरवर गुंडाळून वाळवले की वळण बसतं आणि पुन्हा भिजले की जातं, इथेही तेच. पाणी आत शिरलं की केराटिनच्या साखळ्यांमधले हायड्रोजन बंध सुटतात, आणि वाळताना शाल ज्या आकारात धरून ठेवली असेल त्या आकारात ते पुन्हा जुळतात. म्हणून ताणून धरायचं ते पूर्ण वाळेपर्यंत, आणि म्हणूनच पुढच्या धुण्यात सगळं परत मोकळं होतं.

ॲक्रेलिकचं तसं नाही. ते प्लास्टिक आहे, त्याला पाण्याने काही फरक पडत नाही, भिजवा, ताणा, वाळवा, पिना काढल्या की बया परत जागेवर. त्याला उष्णता लागते. कोरडी शाल पिना लावून ताणायची आणि वाफेची इस्त्री वरून दोन-तीन सेंटिमीटर अंतरावर फिरवायची, टेकवायची अजिबात नाही, टेकवलीत तर धागा वितळून चपटा होईल. वाफेने बसलेला आकार कायमचा, मशीनमध्ये धुतली तरी जात नाही. फक्त धाग्यातला ताठपणा आणि उसळी निघून जाते आणि शाल अगदी लुळी पडते, शालीला ते बहुतेक वेळा शोभतंच. लोकरीचं विणणाऱ्या कित्येक जणी ॲक्रेलिकला नाकं मुरडतात. मुरडू देत. जिच्या घरी तान्हं बाळ आहे, जी सगळं एकत्र मशीनमध्ये टाकते, जी दुसऱ्या देशात राहते, तिला मी बिनदिक्कत ॲक्रेलिकची लेस देते आणि मला रात्री झोप लागते.

मधला मार्ग म्हणून सुपरवॉश मेरिनो (मेरिनो मेंढीची, मशीनमध्ये धुता येईल अशी केलेली लोकर) सुचवतात, तो पूर्ण मधला नाहीये हे लक्षात ठेवा. सुपरवॉशमध्ये लोकरीच्या तंतूवरचे खवले काढून टाकलेले असतात किंवा त्यावर लेप दिलेला असतो, त्यामुळे ती मशीनमध्ये आटून नमदा होत नाही, पण ओली झाली की वाढते भरपूर, आणि लेस उघडायला पिना लागतातच. अल्पाका (त्याच नावाच्या दक्षिण अमेरिकेतल्या प्राण्याची लोकर) आणि रेशीम सुंदर लोंबतात, पण त्यांना लोकरीसारखी उसळी नसते, तेव्हा जपून ताणा, एकदा लांबली की मागे येत नाही. सुती धाग्याची शाल उन्हाळ्यात छान, पण वजनदार, आणि भोकं लोकरीसारखी खुलत नाहीत. मोहेर म्हणजे अंगोरा बकरीची केसाळ लोकर, तिच्याबद्दल एवढंच की तिचे केस एकमेकांत अडकतात आणि उसवताना रडवते, पहिल्या लेससाठी नको.

शाल ताणण्याचा हा खटाटोप आत्ताचा नाही हं. स्कॉटलंडच्या उत्तरेला शेटलंड बेटं आहेत, त्यातल्या उन्स्ट बेटावरच्या शाली इतक्या तलम की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून ओढून काढता यायची, तिथे धुतलेली शाल लाकडी चौकटीवर चढवायचे, कडेच्या प्रत्येक टोकातून दोरी ओवून चारी बाजूंनी ताणायचे. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे हे काम विणणारीच करायची असं नाही, शाली धुऊन ताणून देणं हा तिथे काही बायकांचा वेगळा धंदाच होता. रशियातल्या ओरेनबुर्गच्या शाली बकरीच्या आतल्या मऊ लवीत बारीक धागा मिसळून विणतात, त्याही चौकटीवरच ताणतात. म्हणजे ज्यांनी लेस नावारूपाला आणली त्यांनीसुद्धा धुणं आणि ताणणं हा विणकामाचाच भाग धरला, आपणच तेवढे शेवटची गाठ मारली की झालं म्हणतो.

बरं, आता घरी कसं करायचं. चौकट कोणाकडे नसते, गरजही नाही. मुलांच्या खेळायच्या जोडायच्या फोम मॅट उत्तम, नाहीतर रिकामी गादी, त्यावर स्वच्छ चादर. पिना स्टेनलेस स्टीलच्याच घ्या, साध्या टाचण्या ओल्या लोकरीत गंजतात आणि तो डाग जात नाही. ब्लॉकिंग वायर (कडेतून ओवायच्या लांब बारीक तारा) मिळाल्या तर काम निम्मं होतं, नाही मिळाल्या तर गुळगुळीत पक्का सुती दोरा सरळ कडेच्या टाक्यांतून ओवायचा आणि दोन पिनांमध्ये ताठ बांधायचा, शेटलंडवाल्यांची युक्ती, कड एकदम सरळ येते आणि ढीगभर पिना वाचतात.

लोकरीची टोकं आत ओवून टाका पण कापू नका, शाल ताणल्यावर ती सरकतात, वाळल्यावर कापा. भिजवायला कोमट पाणी, त्यात थोडं वूल वॉश (लोकरीसाठीचा सौम्य साबण), शाल हलकेच दाबून आतली हवा काढायची आणि अर्धा तास विसरून जायचं. चोळायचं नाही, वर नळ सोडायचा नाही, गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात टाकायची नाही, कारण तंतूवरचे खवले एकमेकांत अडकले की लोकर आटते आणि आटलेली लोकर जगात कोणाला परत सोडवता येत नाही. उचलताना दोन्ही हातांनी खालून उचला, एका टोकाला धरून लोंबती उचललीत तर पाण्याच्या वजनाने तिथेच ताणली जाईल. पिळायचं तर नाहीच, मोठ्या टॉवेलवर पसरून गुंडाळी करायची आणि त्या गुंडाळीवर चक्क उभं राहायचं. गडद रंग असेल तर पांढरा कपडा दाबून बघा रंग लागतोय का, लागला तर फिकट चादरीवर ठेवू नका.

पिना लावताना पहिल्याच फेरीत जोर काढायचा नाही. त्रिकोणी शाल असेल तर आधी वरची लांब कड, मग मधला कणा सरळ खाली, मग दोन्ही बाजूंची टोकं एक डावीकडचं एक उजवीकडचं असं आलटून पालटून, सगळं सैलसर. मग मेजरिंग टेप घेऊन दोन्ही बाजू सारख्या आहेत का बघायचं आणि दुसऱ्या फेरीत एकेक पिन काढून बाहेर सरकवायची. लोकर असेल तर घाबरू नका, ताणा, टकटक केलं तर वाजेल इतकी ताणा, भेट देताना तर थोडं जास्तच, कारण पिना काढल्यावर ती जराशी मागे येते. किती पिना लावल्या ते मोजून ठेवा आणि काढतानाही मोजा, ही शाल दुसऱ्याच्या गळ्यात जाणार आहे. मग पंखा लावा, दार बंद करा, मांजर असेल तर कुलूप लावा.

आणि हाताला कोरडी लागली म्हणून लगेच काढू नका. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के ओलावा आत धरून ठेवू शकते आणि तरी हाताला ओली लागत नाही. कोरडी वाटल्यावर अजून एक रात्र, माझा नियमच आहे.

म्हणूनच तारखेचा हिशेब आधी करा. वरून खाली वाढत जाणाऱ्या त्रिकोणी शालीत सगळ्यांची फसगत होते, ७० टक्के ओळी झाल्या की वाटतं आलंच संपत, पण प्रत्येक ओळ आधीपेक्षा लांब असते त्यामुळे ७० टक्के ओळींना शाल फक्त अर्धी झालेली असते. शेवटच्या ३० टक्के ओळी बाकीची अर्धी लोकर आणि अर्धा वेळ खातात. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर गुंडा मधूनमधून तोलत जा, त्यावरून खरं कुठे आहात ते कळतं. शेवटी टाके बंद करायला शालीच्या कडेच्या साधारण चौपट लोकर बाजूला ठेवा, आणि एक-दोन नंबर जाड सुई घेऊन सैल बंद करा. घट्ट बंद केलेली कड ही एकच गोष्ट अशी आहे की जिला ब्लॉकिंग काही करू शकत नाही, बाकी टाक्यांची उन्नीस-बीस सगळी पाण्यात मिटते.

आता भेटीबद्दल. शालीबरोबर मी एक छोटा कागद देते, धागा कुठला, थंड पाणी, चोळू नये, पिळू नये, हँगरला लावू नये, आणि उरलेल्या लोकरीचा थोडा तुकडा, पुढेमागे कुठे टाका तुटला तर लागतो. लोकरीची असेल तर कागदावर खाली लिहिते, "धुवायची झाली की माझ्याकडे पाठव." आधी सगळ्यांना हे अवघडल्यासारखं होतं, अगं तुला कशाला त्रास, मी करेन की. मी सांगते तू नाही करणार, आणि केलंस तर ती चुरगळून जाईल, मग तुला वाटेल शाल खराब झाली आणि तू ती मला दिसू नये म्हणून कपाटाच्या तळाशी घालशील. हे ऐकल्यावर हसतात आणि पाठवतात. तसंही लोकर सारखी धुवावी लागत नाही, वापरून झाली की वाऱ्यावर पसरली की वास निघून जातो, त्यामुळे थंडी संपल्यावर एक धुणं पुरतं. पण ते एक चुकवायचं नाही, कारण लोकर खाणाऱ्या कसरीच्या अळ्या केराटिनवरच जगतात आणि घामाचे, अन्नाचे डाग असलेली लोकर त्यांना जास्त आवडते.

कोणी मला "मग प्रत्येकीची शाल तू जन्मभर धूत बसणार का?" असंही विचारतं. हो, म्हणूनच लोकरीची लेस मी मोजक्याच जणींना देते. मला एखादीच्या शालीचं धुणं दर वर्षी नकोसं होईल असं वाटलं तर तिला ॲक्रेलिकची देते, नक्षी तीच, प्रेमात काही कमी नाही, आणि तिला फरक कळतही नाही.