थांटलांग

आज कॅम्पात चहाला बसलो असताना ऑफिसातल्या मिझो मैत्रिणीने मोबाइलवर थांटलांगचा फोटो दाखवला. म्यानमारच्या चिन राज्यातलं डोंगरावरचं गाव. वाकलेले पत्रे, काळे पडलेले खांब, बाकी काही नाही. चिन लोक बहुतेक ख्रिस्ती, हिच्याच भाईबंदांतले. २०२१ मध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि सप्टेंबरात तोफगोळ्यांनी तिथली घरं पेटली. एक तरुण पाद्री आग विझवायला धावला, तर सैनिकांनी त्याला गोळ्या घातल्या. वर बोट कापून अंगठी नेली! ऑक्टोबरअखेर दीडशेहून जास्त घरं राख झाली, चर्चसुद्धा.

हजारो माणसं मिझोराममध्ये आली. केंद्राने आत घेऊ नका म्हटलं, तरी मिझोंनी दारं उघडली. तिच्या मावशीकडे अजूनही एक कुटुंब राहतंय. आपल्या मराठी चॅनलांवर याचा उल्लेखही क्वचितच होतो, याचा मला मनापासून राग येतोय.