मार साहेबांचं प्रभारी राज्य

थॉमस फ्रान्सिस मार. आडनाव खरंच 'मार', पण स्पेलिंग (Meagher) असलं विचित्र की मी कित्येक दिवस मनातल्या मनात मीघर-मीघर वाचत होतो. आणि गड्याने आयुष्यभर नावाप्रमाणे मार खाल्ला म्हणा ना.

मूळचा आयर्लंडचा, वॉटरफर्डच्या पैसेवाल्या घरातला. १८४८ ला आयर्लंडचा तिरंगा पहिल्यांदा फडकवला तो यानेच, त्याच वर्षी इंग्रजांविरुद्धचा उठाव फसला, पंचविसाव्या वर्षी मृत्युदंड, मग तो बदलून टास्मानिया, म्हणजे आपल्या भाषेत काळं पाणी. तिथून १८५२ ला पळाला तो थेट न्यूयॉर्क. पुढे अमेरिकन यादवी युद्धात आयरिश ब्रिगेडचा जनरल, फ्रेडरिक्सबर्गच्या लढाईत ती ब्रिगेड जवळपास कापलीच गेली. एवढ्यावर दुसऱ्या कुणी पेन्शन घेतली असती.

याला १८६५ मध्ये मोंटाना टेरिटरीच्या सेक्रेटरीची पोस्ट मिळाली. टेरिटरी म्हणजे अजून राज्य नाही, गव्हर्नर-सेक्रेटरी-जज सगळे वॉशिंग्टनने नेमलेले, आणि गावं कसली तर सोनं सापडलं म्हणून रातोरात उगवलेली. हा तिथे पोचतो न पोचतो तोच गव्हर्नर एजर्टन कागदपत्रं याच्या हातात टेकवून पूर्वेकडे निघून गेले! झाला प्रभारी गव्हर्नर. तिजोरीत खडखडाट. विधानसभा बोलवायचा अधिकार मला नाही असं आधी म्हणाला, मग पलटला आणि बोलावली, रिपब्लिकन पक्षवाले चिडले, जजने बेकायदा ठरवली आणि शेवटी काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, १८६७ मध्ये त्या अधिवेशनांचे सगळे कायदेच रद्द केले. चूक याचीही होती, घाई फार.

पण माझ्या डोक्यातून जात नाही ती डॅनियल्सची केस. पत्त्यांच्या डावात भांडण होऊन एकाचा खून झाला, जेम्स डॅनियल्सला तीन वर्षं कैद. लोकांनी अर्ज केला, त्यात ज्युरीतलेही काही होते, मारने त्याला सोडलं. जज म्हणाला हा तुमचा अधिकारच नाही. डॅनियल्स मोंटानातल्याच हेलेना गावी परतला आणि मार्च १८६६ मध्ये तिथल्या व्हिजिलांटींनी, म्हणजे कायदा स्वतःच्या हातात घेणाऱ्या टोळीने, रात्री त्याला झाडाला लटकवला, सुटकेचा कागद त्याच्या खिशातच. गव्हर्नरच्या सहीची किंमत एवढीच.

१ जुलै १८६७. मिलिशियासाठी, म्हणजे स्थानिक स्वयंसेवक फौजेसाठी, बंदुका यायच्या होत्या म्हणून हा फोर्ट बेंटनला आला, तब्येत बरी नव्हती, रात्री झोपायला नदीवरच्या स्टीमरवर गेला आणि मिसुरी नदीत पडला. प्यायला होता, तोल गेला की कुणी ढकललं यावर लोक अजून भांडतात. वय ४३. बॉडी सापडलीच नाही.

आणि त्याच हेलेनात १९०५ पासून कॅपिटलसमोर, म्हणजे विधानभवनासमोर, त्याचा पुतळा आहे, घोड्यावर, तलवार उगारलेला.