कळलावीचं गोत

मला वनस्पतीशास्त्र शिकवलं ते माझ्या उजव्या पायाच्या अंगठ्याने. युरिक अ‍ॅसिड वाढलं की अंगठ्याच्या बुडाशी अशी कळ येते की पांघरुणाचं टोकही सोसवत नाही. गेल्या भाद्रपदात गौरी-गणपती उरकले आणि मी पाय उशीवर ठेवून आडवा झालो. घरात तीन दिवस पुरणाचा वास होता, आणि मी मुगाच्या खिचडीवर. तशात इंग्लंडहून धाकट्या बहिणीचा फोन. व्हिडिओवाला.

"दादा, माझ्या बागेत केशर उगवलंय!"

तिने ते घर हिवाळ्यात विकत घेतलं होतं. मागे हिरवळीचा एक तुकडा आहे. कुणी काही लावलं नाही, पाणी घातलं नाही, आणि एका सकाळी बोडक्या मातीतून जांभळट गुलाबी पेले वर आलेले. एकाही फुलाला पान म्हणून नाही. नुसता पांढुरका दांडा, त्यावर फूल. चैत्र-वैशाखात आपला भुईचाफा येतो ना, कालपर्यंत कुंडीत नुसती माती आणि आज फूल, अगदी तसं.

मी म्हणालो, "अगं, ही पावसाळी लिली. आपल्या हौदाशेजारी नव्हती का?"

"लिलीला पात असते दादा. शेजारच्या आजी म्हणाल्या, ऑटम क्रोकस. आणि क्रोकस म्हणजे केशर. दसऱ्याच्या श्रीखंडात घालणार आहे मी."

योगायोगाने आमचे सर तेव्हा समोर बसले होते. कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. माझी चौकशी करायला येतात आणि जाताना माझ्या वाटणीचे कंदी पेढे संपवून जातात. त्यांनी चहाची बशी खाली ठेवली आणि फोनकडे वाकून म्हणाले, "ताई, आधी पुंकेसर मोजा."

पुढची पाच मिनिटं मी जन्मात विसरणार नाही. तिचा चष्मा घरात राहिलेला, फोनचा कॅमेरा जवळ नेला की सगळं धुरकट होणारा, वर रिमझिम पाऊस. पडद्यावर कधी फूल, कधी तिची चप्पल. शेवटी तिने सरळ एक फूल खुडलं, पाकळ्या बाजूला केल्या आणि पुंकेसरांच्या, म्हणजे फुलातल्या परागाच्या काड्यांच्या, पिवळ्या टोकांवर नखाने एकेक करत मोजलं. एक, दोन, तीन... सहा.

"पुन्हा मोजा."

"सहाच आहेत हो."

"मग श्रीखंडात घालू नका. आणि हात धुऊन टाका."

केशराला पुंकेसर तीनच. मधे एकच कुक्षिवृंत, म्हणजे स्त्रीकेसराची दांडी, त्याच्या टोकाला तीन लालभडक तंतू, तेच आपण चिमटीने दुधात सोडतो. शिवाय केशराची पात गवतासारखी, फुलाच्या आगेमागेच येते. बहिणीच्या फुलात सहा पुंकेसर आणि मुळापासून सुटे तीन कुक्षिवृंत. हे कोल्चिकम. नाव काळ्या समुद्राच्या पूर्वेकडच्या कोल्चिस प्रदेशावरून पडलेलं, आजचा जॉर्जिया. गोऱ्या लोकांनी त्याला क्रोकस म्हणायचं कारण एवढंच, की लांबून दोन्ही सारखे दिसतात. लांबून तर आमच्या आळीतले दोघे जावईही सारखे दिसतात. आणि हे साधंसुधं फूल नव्हे, कंदापासून बीपर्यंत विष. युरोपात रानलसणीची पात समजून याची पानं भाजीत घातल्याने माणसं दगावली आहेत. उतारा नाही.

माझी पावसाळी लिलीही गेली. तिलाही पुंकेसर सहा असतात, पण पाकळ्यांच्या खाली, दांड्याच्या टोकाला, हिरवा फुगीर अंडाशय डोळ्यांना दिसतो. कोल्चिकममध्ये तो दिसतच नाही. कारण आपण ज्याला दांडा म्हणतो तो दांडा नसतोच; पाकळ्यांचीच लांब नळी जमिनीत कंदापर्यंत गेलेली असते आणि अंडाशय तिथे खाली, मातीत. फूल भाद्रपदात मिरवून जातं, गर्भ अख्खा हिवाळा जमिनीखाली राहतो, आणि पानं बोंडाला कडेवर घेऊन वर येतात ती थेट फाल्गुनात. इतका शहाणा संसार मी माणसांतही कमी पाहिलाय.

बहिणीचं समाधान कुठलं व्हायला? "कोल्चिकम ना, पण त्यातलं कुठलं?" शंभरावर जाती आहेत, त्यात बागवाल्यांनी केलेले संकर वेगळे. ऑटमनेल फिकट आणि नाजूक, पाऊस आला की जमिनीवर लोळण घेतं. स्पेसिओसमचा पेला मोठा आणि दणकट. अग्रिप्पिनमच्या पाकळीवर लुंगीसारखे चौकडे. बायझंटिनम एका कंदातून फुलांचा ढीग काढतं, पण बहुतेक बी धरत नाही. तिने रोज फोटो पाठवायला सुरुवात केली. सर पेढा तोंडात ठेवून म्हणाले, "नुसतं फूल बघून जात सांगणारा एक तर देव, नाहीतर नर्सरीवाला. वसंतात पानं येऊ दे, त्यांची रुंदी मोजू, बोंड धरतं का बघू. तोवर कळ काढा."

कळ काढा! आणि मी काय करत होतो? हातात गोळ्यांची पट्टी होती, डॉक्टरांनी तीन दिवसांसाठी दिलेली. सरांनी ती घेतली, उलटी केली, चष्मा वर सरकवला आणि हसायलाच लागले. "अहो, तुम्ही काय खाताय बघितलंत का?" कोल्चिसिन, ०.५ मिलिग्रॅम.

म्हणजे बहिणीला जे खाऊ नको म्हणून ओरडलो, ते मी सकाळ-संध्याकाळ खात होतो. पेल्तिए आणि कावांतू या दोन फ्रेंच रसायनतज्ज्ञांनी १८२० साली कोल्चिकममधून हे द्रव्य वेगळं काढलं. तेव्हा साताऱ्याच्या गादीवर प्रतापसिंह महाराज होते. ही गोळी युरिक अ‍ॅसिड कमी करत नाही. सांध्यात युरिक अ‍ॅसिडचे सुईसारखे स्फटिक साचतात, त्यांच्यावर आपल्याच रक्तातल्या पांढऱ्या पेशी तुटून पडतात, आणि सूज-ठणका येतो तो त्या धुमश्चक्रीचा. गोळी त्या पेशींचे पाय बांधते. डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं, जुलाब लागले की थांबायचं, मनाने एकही जास्त घ्यायची नाही. मला ते नेहमीचं बोलणं वाटलं होतं. त्या दिवसापासून मी गोळ्या मोजून डबीत ठेवतो.

मला मात्र वेगळाच मोह पडला. कोल्चिकमचे कंद मागवावेत, आपल्या दारात लावावेत. सरांनी तिथेच मोडता घातला. एक तर परदेशातून कंद आणायला कायद्याने परवाना आणि तपासणी लागते. दुसरं, त्याला हिवाळा हवा तो खरा. साताऱ्यात आपण डिसेंबरात मफलर गुंडाळून पोवई नाक्यावर चहा पितो, त्याला कोल्चिकम थंडी म्हणत नाही. "आणि हवंय कशाला? त्याची सख्खी भाऊबंद तुमच्या कुंपणावर लोंबतेय."

कुंपणावर कळलावी होती.

पावसाबरोबर ती दरवर्षी आपली आपण येते. पानाच्या शेंड्याचा ताणा करते आणि तारेला, मेंदीला, दिसेल त्याला धरून चढते. पाकळ्या सहा, कडा लाटेसारख्या, सगळ्या मागे वळून वर उभ्या राहिलेल्या. बुडाशी पिवळ्या, टोकाला लाल, आणि काही दिवसांत सगळीच लाल, म्हणून अग्निशिखा. लहानपणी आईने मला तिच्याजवळ फिरकू दिलं नाही. घरात आणली की भांडणं लागतात म्हणायची, नावच कळलावी. दुसऱ्या अर्थाने हे नाव बाळंतिणीच्या कळांवरून आलेलं, तेव्हा मुळीचा उपयोग करत. किती जणींच्या जिवावर बेतलं असेल, कुणी मोजलं नाही. संस्कृतात तिला लांगली म्हणतात, म्हणजे नांगर; कंद खरंच नांगराच्या फाळासारखा वाकडा असतो. हिच्यातही तेच कोल्चिसिन. तमिळनाडूत बियांसाठी तिची शेती होते.

अंगठा धरून मी कुंपणापर्यंत गेलो. इतकी वर्षं बघत होतो, मोजलं कधीच नव्हतं. सहा पुंकेसर, चाकाच्या आऱ्यांसारखे पसरलेले. कुक्षिवृंत बुडातूनच काटकोनात वळलेला, घोळक्यातून अंग काढून घेतल्यासारखा, आणि टोकाला तीन फाटे. सहा आणि तीन. आतून ही ऐकू आली, "अहो, त्या कळलावीला हात लावू नका हं!" सासूचा वारसा सून चालवतेच.

हे गोत इथेच संपत नाही. या आषाढात अंगठा शांत असताना सर मला कासला घेऊन गेले, गर्दीचा मोसम सुरू व्हायच्या आत. सोनकी नाही, तेरडा नाही, नुसतं धुकं आणि ओला कातळ. वीतभरही नसलेल्या गवतासमोर त्यांनी मला उकिडवं बसवलं. गवताच्या पात्यांत एक गर्द जांभळी चांदणी, अरुंद सहा पाकळ्यांची. भुईचक्र. आयफिजेनिया. तेही याच कुळातलं. पंचवीस वर्षं मी कासला जातोय, आणि ते माझ्या बुटाखाली किती वेळा आलं असेल देव जाणे.

बहिणीचं कोल्चिकम? फाल्गुनात तिचा फोटो आला होता. रुंद, चकचकीत हिरव्या पानांचा झुबका, आणि मधोमध बोटाच्या पेराएवढं हिरवं बोंड. खाली लिहिलेलं, "बाळ झालं." सरांनी यादीतून बायझंटिनमवर काट मारली. पाठोपाठ तिचा दुसरा मेसेज : "पानं काय कोवळी आहेत रे दादा."

मी दोन्ही अंगठ्यांनी घाईघाईने टाइप केलं, "खाऊ नकोस."