अठरा टक्के वजा केले, तरी हिशेब चुकला

आज बाबांसोबत टेबल फॅन घ्यायला गेलो. किंमत २,३६० रुपये, जीएसटी धरून. बाबांनी तिथल्या तिथे विचारलं, "मूळ किंमत किती?" मी ऐटीत मोबाईल काढला, २,३६० चे अठरा टक्के ४२४.८० काढून वजा केले आणि १,९३५.२० सांगून मोकळा झालो.

गल्ल्यावरचे काका हसले. "भागा हो, वजा काय करताय!" त्यांनी २,३६० ला १.१८ ने भागलं. बरोब्बर दोन हजार. कर ३६० रुपयेच.

खरं तर साधंच आहे. अठरा टक्के लागले ते दोन हजारांवर, मी काढत होतो २,३६० वर. १.१८ ने गुणून पुढे गेलात, तर मागे यायला १.१८ नेच भागायचं. बारावीला 'व्यस्त फलन' म्हणून हेच घोकलं होतं, मार्कही बरे पडले होते (दुकानात मात्र शून्य!).

परतताना बाबा म्हणाले, "मोजे घालून बूट घालतोस ना? मग काढताना आधी मोजे कशाला ओढतोस?"

फॅन मस्त चालतोय. बाबा त्याच्यासमोर बसून घरातली जुनी बिलं तपासतायत.