स्वतःचा राउटर लावताना अडलेलं नेट : माझा अनुभव

फायबर घरात आलं, ओएनटी (फायबरच्या टोकाला कंपनी बसवते तो डबा) ब्रिज मोडवर गेला, म्हणजे लॉगिनचं काम राउटरकडे आलं, इथवर काही त्रास नाही. इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये माझा स्वतःचा राउटर जोडला आणि नेट अडलं. कस्टमर केअरचं एकच पालुपद, “सर, पासवर्ड चुकतोय.” तोच पासवर्ड कंपनीच्या जुन्या राउटरवर लगेच चालत होता!

शेवटी राउटरचा लॉग, म्हणजे त्याच्या कामाची नोंद, उघडला. पीपीपीओईमध्ये, म्हणजे युजरनेम-पासवर्ड देऊन नेट जोडायच्या पद्धतीत, राउटर आधी लाइनवर सगळ्यांना हाक मारतो, ती पीएडीआय. सर्व्हर पीएडीओने ओ देतो, राउटर पीएडीआरने जोडणी मागतो, पीएडीएसमधून सेशन आयडी मिळतो. युजरनेम-पासवर्डची तपासणी त्यानंतर. माझ्याकडे सेशन आयडी व्यवस्थित मिळत होता, नकार येत होता तो तपासणीत. म्हणजे सर्व्हरपर्यंतची वाट ठणठणीत. हे फोनवर कितीदा सांगितलं, तरी “लाइन चेक करायला माणूस पाठवतो.” माणूस आला, पॉवर मीटर लावला, “सिग्नल ओके” म्हणाला आणि तक्रार बंद करून गेला. नेट बंद ते बंदच. मुलीचा ऑनलाइन क्लास मोबाइलच्या डेटावर चालला होता, डोकं फिरणार नाही तर काय!

लॉगचा स्क्रीनशॉट घेऊन सरळ त्यांच्या ऑफिसात जाऊन बसलो. तुम्हीही स्क्रीनशॉट न्याच, तोंडी सांगितलेलं कुणी ऐकत नाही. काउंटरवर पुन्हा पासवर्ड रीसेट करून हातात दिला. मी म्हटलं, नेटवर्कचं बघतात त्यांना बोलवा, तोवर मी इथेच आहे. ते आले, माझं खातं उघडलं. जुन्या राउटरचा मॅक ॲड्रेस (उपकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) खात्याला बांधलेला! दुसऱ्या मॅकवरून आलेली विनंती सर्व्हर नाकारणारच. त्यांनी बाइंडिंग काढलं, मी तिथूनच घरी फोन लावला. “अगं, इंटरनेटचा दिवा हिरवा झाला का?” “झाला!” काय बरं वाटलं म्हणून सांगू.

ऑफिस दाद देत नसेल तर नव्या राउटरमध्ये मॅक क्लोनचा पर्याय असतो, तिथे जुन्याचा मॅक टाकून बघा.

आणि हो, जुना राउटर काढताना थेट वायर उपटू नका. आधी डिस्कनेक्ट करा, म्हणजे पीएडीटी जाऊन सेशन बंद होतं. नाहीतर ते सर्व्हरवर काही वेळ लटकून राहतं आणि तेवढ्यासाठीही नवं लॉगिन नाकारलं जाऊ शकतं.

नेट आल्यावर काही साइट अर्धवट उघडून थांबत असतील तर राउटरमध्ये एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, बघा. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमधले 8 बाइट घेतं, म्हणून 1500 ऐवजी 1492 ठेवा.