तुला तर दिसतं ना?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. मोबाईल बघतेस, मेसेज टाईप करतेस, मग ब्लाइंड क्रिकेटमध्ये कशी काय? नोव्हेंबर २०२५ मध्ये कोलंबोत आपल्या मुलींनी नेपाळला हरवून ब्लाइंड महिलांचा पहिला टी-२० वर्ल्ड कप जिंकला, तेव्हापासून तर हे जास्तच झालंय. लोक क्लिप पाठवतात, ही बघ कशी पळत जाऊन बॉल अडवते, हिला दिसतंय की!

हो, दिसतं. काहीजणींना दिसतं. अकरांत कमीत कमी चार बी-१, म्हणजे अजिबात किंवा जवळजवळ काहीच न दिसणाऱ्या लागतात, त्यांचे रन डबल धरतात, बाकीच्या आम्ही बी-२, बी-३, म्हणजे थोडंफार दिसणाऱ्या, त्यात बी-३ ला जास्त दिसतं. नियमच तसा आहे, कोणी लपवत नाही.

मला आरपी आहे, रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार. पुंगळीतून बघावं तसं मधलं तेवढं दिसतं, आजूबाजूचं गायब, आणि दिवेलागण झाली की तेही गेलं.

तीन वर्षांपूर्वी एका मॅचमध्ये मी कॅच घेतला. बॉल नेमका माझ्या पुंगळीतच आला होता. ओव्हर संपली तसे समोरच्या टीमचे सर आले आणि माझ्या नाकासमोर किल्ल्यांचा जुडगा धरला. हे काय? किल्ल्या. किती? चार. बघा, म्हणाले सगळ्यांना. मी म्हटलं सर, जरा बाजूला धरून विचारा ना, पण ते वळले होते. मी रागाने तरातरा निघाले आणि आमच्याच किटबॅगला अडखळून आडवी झाले. मागून कोणीतरी म्हणालं, झालं नाटक सुरू. गुडघा सोलवटला होता, पण मी तशीच पडून राहिले, कारण पटकन उठले तर म्हणतील दिसतंय आणि हळू उठले तर म्हणतील सोंग करते. किती वेळात उठायचं हेच मला कळेना. पँटला लागलेली लाल माती अजून आठवते.

आता जे टीममध्येही सांगितलं नाही ते सांगते. फील्ड टेस्टला, म्हणजे कडेचं किती दिसतं ते तपासतात त्याला, गोल मशीनमध्ये हनुवटी टेकवून बसायचं, ठिपका चमकला की बटण दाबायचं. कडेचे काही ठिपके दिसले की नुसते वाटले ते कळत नाही. मी तिथे बटण दाबलं नाही. बी-३ च्या जागा जास्तीत जास्त चार आणि आमच्याकडे मुली सहा, कमी दिसतं असं निघालं तर बी-२ मध्ये जागा मिळेल. मग खोटं बोलले का मी? नक्की दिसला तरच दाबा, असं टेक्निशियन मॅडमच म्हणाल्या होत्या. म्हणाल्या होत्या हे खरं, पण मी त्या वाक्याला किती घट्ट धरून बसले होते ते मलाच माहीत. आणि तरीही मला बाजूचं दिसत नाही, हेही तितकंच खरं आहे हो.

पुढच्या महिन्यात परत टेस्ट आहे. काल ठरवलं होतं, जरा जरी वाटलं तरी बटण दाबायचं. आज वाटतंय, जो धड दिसलाच नाही त्याला हो का म्हणू?